गिटारीतला बास

लोकांचे खोटे दात करणं हा तिचा धंदा. गल्लीच्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावर लॅब होती. तिथे खिडकीशी तिचं टेबल, टेबलावर प्लास्टरचे जबडे रांगेनं मांडलेले, शेजारी मेण वितळवायचा दिवा आणि पॉलिशचं घरघरणारं चाक. दवाखान्यांतून मापं यायची आणि ती कवळ्या करून द्यायची. तिची कवळी लावलेला माणूस तोंड भरून हसला तरी शेजारी बसलेल्याला पत्ता लागायचा नाही. नात्यागोत्यात आणि शेजारीपाजारी सगळे तिला दातवालीच म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे. "तोंड उघडलं की माझी आठवण होते ना? मग नाव कशाला हवं," म्हणायची.

घरी मात्र तिचा जीव एका इलेक्ट्रिक गिटारीत अडकलेला. गिटार थोरल्या भावाची. तो परगावी गेला तेव्हा हिच्या गळ्यात घालून गेला. लग्नानंतर बरीच वर्षं ती कपाटावर धूळ खात पडली होती. लेक शाळेत जायला लागली आणि दुपार मोकळी मिळू लागली, तशी दातवालीनं ती खाली काढली. अडचण एकच होती. नवरा बेकरीची गाडी चालवायचा. उजाडायच्या आत निघायचा आणि दुपारी जेवला की आडवा होऊन घोरायला लागायचा. त्यामुळे मोठ्यानं वाजवायची सोय नव्हती. गिटारीची वायर एका छोट्या डबीत, डबीची कॉम्प्युटरला आणि कानावर हेडफोन. बाहेर ऐकू यायची ती नुसती तारांची किणकिण आणि आतल्या खोलीतून येणारं घोरणं.

लेक मोठी झाली आणि दुसऱ्या शहरात एका हॉटेलात नोकरीला लागली. तिथून तिनं एक दिवस आईला गाणं पाठवलं. शब्द तिचेच होते. पहाटे अंधारात बाबा बूट हातात घेऊन, आवाज न करता घराबाहेर पडतात, आणि ती जागी असूनही झोपेचं सोंग घेऊन पडून राहते, असं काहीसं. कपड्यांच्या कपाटात तोंड खुपसून तिनं ते फोनवर गायलं होतं. आवाज अगदी स्वच्छ आला होता. खाली लिहिलं होतं, 'आई, याला बाकीचं सगळं तू लाव. बाबांना इतक्यात सांगू नकोस.'

दातवाली कामाला लागली. गिटार वाजवली, कॉम्प्युटरमधला ड्रम बसवला, मागे हलके सूर भरले. सगळं झालं, पण गाणं काही जमिनीला टेकेना. वरच्या वर तरंगत होतं. खाली बास, म्हणजे गाण्याला धरून ठेवणारा खोल आवाज हवा होता, आणि बास गिटार घरात नव्हती.

म्हणजे एके काळी होती, खालच्या मजल्यावर. तिथे तिची नणंद राहायची, नवऱ्याची थोरली बहीण. घरातले सगळे तिला ताई म्हणत. ताईंनी उभं आयुष्य नाचगाण्याच्या बँडमध्ये बास वाजवण्यात घालवलं होतं. हॉटेलं, जहाजं, लग्नाचे हॉल, काही सोडलं नव्हतं. पुढे संधिवातानं बोटांची पेरं सुजली. बासच्या त्या दोरखंडासारख्या तारा दाबवेनात, लांबलचक दांड्यावर बोटं फाकवेनात. एक दिवस कुणाला न सांगता त्यांनी आपला बास बँडमधल्या एका मुलीला देऊन टाकला. त्यानंतर त्यांच्या घरात गाणं म्हणून वाजलं नाही. रेडिओ लागायचा तो बातम्यांपुरता.

तरीही दातवालीनं एकदा धीर करून विचारलं.

"ताई, तुमच्या ओळखीत कुणाकडून चार दिवस बास मिळेल का हो?"

ताई वाटाणे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझ्यासमोर बासचं नाव काढायचं नाही. बास म्हटलं की बास."

दातवाली वर आली. जिना चढता चढताच तिच्या मनात आलं, आपण जन्मभर खोटे दात खरे करून दाखवले, मग एक खोटा बास नाही का जमणार?

तिनं गिटारीवर एक साधी चाल वाजवून घेतली आणि कॉम्प्युटरकडून ती एक सप्तक खाली उतरवली. संध्याकाळी नवऱ्याच्या कानाला हेडफोन लावले. गाणं काढून ठेवलं होतं, नुसता बास ऐकवला.

"कसा वाटतो?"

नवऱ्यानं बराच वेळ विचार केला. "अगं, पोटात गडबड आहे का कुणाची?"

त्याचंही चुकत नव्हतं. आवाज खाली गेला होता, पण गुरगुरत होता, कडेनं फाटत होता. दातवालीनं पदर खोचला. आधी नखी बाजूला ठेवली आणि अंगठ्याच्या मांसल भागानं तार छेडायला लागली. नखीचा टिकटिक आवाज सप्तक खाली नेला की चमचा ताटलीवर आपटल्यासारखा लागत होता, तो गेला. दोन सूर एकदम वाजवले की कॉम्प्युटर गांगरायचा, म्हणून एका वेळी एकच सूर. तारांचा आवाज पकडणाऱ्या दोन चुंबकांपैकी दांड्याजवळचं निवडलं, त्याचा आवाज मऊ. टोनचं बटण जवळजवळ बंद केलं. तरी तारा फार वेळ झणझणत राहायच्या. मग तिनं भांडी घासायच्या नव्या स्पंजाची बोटभर पट्टी कापली आणि तारा जिथे अडकवलेल्या असतात तिथे त्यांच्याखाली सारली. आता सूर 'टणण' व्हायचा थांबला आणि 'डुम्' असा गोल येऊ लागला. कॉम्प्युटरमध्ये वरचे कर्कश आवाज कापले, लहानमोठे ठोके एका पातळीवर आणले. आधी वाजवलेल्या गिटारीतला जाड आवाजही काढून टाकला, नाहीतर गिटार आणि बास एकाच खुर्चीसाठी भांडत होते.

आवाज जमला. हेडफोनमध्ये तरी जमला. पण खोल आवाज हवेत सोडून ऐकल्याशिवाय तिला खात्री वाटेना. एका दुपारी नवऱ्याची गाडी गॅरेजमध्ये गेली आणि तो तिकडेच अडकला. दातवालीनं संधी साधली. कपाटावरचे स्पीकर खाली जमिनीवर ठेवले आणि गाणं सोडलं. टेबलावरची किल्ली थरथरली. ती स्वतःवरच खूश झाली. तेवढ्यात दार धडधडलं.

दारात ताई. ओल्या केसांना टॉवेल तसाच गुंडाळलेला.

"बास कुणी आणलाय घरात?"

"कुणी नाही हो, ताई."

"मला शिकवतेस? माझ्या डोक्यावरचं छत वाजतंय. कोण आलंय? बाहेर काढ त्याला."

दातवालीनं गिटार दाखवली, स्पंजाची पट्टी दाखवली, कॉम्प्युटर दाखवला. ताई आत आल्या. टॉवेल सावरत खुर्चीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा लाव."

गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजलं. भाचीचा आवाज ऐकून ताईंचा चेहरा जरा सैल पडला. पण गाणं संपल्यावर म्हणाल्या काय, तर "आवाज बासचा आहे. वाजवणारी गिटारवाली आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुला गप्प बसवत नाही. पोरगी गाते तिथे तुझी मध्येमध्ये लुडबुड चाललीय. आणि सूर असा तोडतेस की जणू तार गरम आहे. धरून ठेव ना त्याला. ड्रमचा मोठा ठोका पडतो, त्याच्याबरोबर पाऊल टाक. त्याच्या आधी नाही, मागून धावतही नाही."

दातवालीनं वाजवून पाहिलं. ताईंनी मान हलवली. पुन्हा वाजवलं. ताईंनी टेबलावर हातानं ठोके देऊन दाखवले, तोंडानं चाल म्हणून दाखवली. तिसऱ्या खेपेला त्यांना राहवलं नाही.

"आण इकडे ती."

गिटार मांडीवर घेतली खरी, पण मग त्या नुसत्याच बसून राहिल्या. दातवाली खिडकीतून बाहेर बघू लागली. आपण बघत असलो तर त्या गिटार खाली ठेवतील, एवढं तिला नणंदेबद्दल ठाऊक होतं.

स्पीकरमधून एक सूर आला. खोल, शांत, लांबलेला. मग दुसरा.

"अगं," ताई म्हणाल्या, "ही तर दाबली जातेय."

गोष्ट साधीच होती, पण दोघींपैकी कुणाच्याच डोक्यात आधी आली नव्हती. गिटारीच्या तारा बासच्या मानानं सुतासारख्या. दांडा आखूड, त्यामुळे बोटं फार फाकवावी लागत नव्हती. सुजलेल्या पेरांना झेपेल एवढाच जोर लागत होता, आणि सप्तक खाली नेण्याचं कष्टाचं काम कॉम्प्युटर करत होता. ताईंनी पुन्हा तार दाबली. बोटाकडे बघितलं, स्पीकरकडे बघितलं. मग एकदम चिडून म्हणाल्या, "पण हा मागून का येतोय? मी आत्ता वाजवते आणि तुझा डबा सावकाशीनं बोलतो."

दातवालीनं घाईघाईनं कॉम्प्युटरवर उघडलेलं बाकी सगळं बंद केलं, सेटिंग बदललं, आणि सूर बोटाच्या जवळ आला. "आता?"

"आता कसं!"

त्या दिवशी ताईंनी जेमतेम गाण्याचं पहिलं कडवं वाजवलं आणि बोटं दुखायला लागली म्हणून उठल्या. जाताना दारातून म्हणाल्या, "उद्या येते. आणि तो स्पंज जरा मागे सरकव, सूर गुदमरतोय."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या कोमट पाण्याचं पातेलं घेऊनच. बोटं त्यात बुडवून ठेवायची, टॉवेलला पुसायची आणि वाजवायला बसायचं. एका बैठकीत एक कडवं, फार तर दीड. आता नवरा आत झोपलेला असायचा, त्यामुळे दोघींच्या कानांवर हेडफोन. दातवालीला आधी वाटलं होतं की ताई काहीतरी भारी वाजवतील, बोटं नाचवतील. पण त्यांनी तिच्या चालीतले निम्मे सूर काढूनच टाकले. लेक 'बूट हातात' म्हणते त्या जागी तर काहीच वाजवलं नाही, आणि पुढच्या ओळीला एकच सूर असा ठेवला की दातवालीच्या छातीत काहीतरी जागच्या जागी बसलं. एक सूर किंचित उशिरा पडला होता. कॉम्प्युटरवर तो सरकवून ठोक्यावर आणता येत होता. दातवालीनं हात पुढे केला आणि मागे घेतला. कवळीतही एखादा दात ती मुद्दाम केसभर वाकडा ठेवायची, खरा वाटावा म्हणून. हा सूरही तिनं तसाच राहू दिला.

अशाच एका दुपारी नवऱ्याला लवकर जाग आली. पाणी प्यायला बाहेर आला आणि दारातच थबकला. खुर्चीवर थोरली बहीण, मांडीवर गिटार, डोळे मिटलेले, उजव्या पायाचा अंगठा चपलेत ताल धरतोय. शेजारी पातेलं. त्याला गाणं ऐकू येत नव्हतं, नुसती तारांची बारीक किणकिण. ताईंनी डोळे उघडले.

"काय बघतोस? जा, झोप."

"झोपतो," तो म्हणाला. पण आत न जाता स्वयंपाकघरात गेला आणि तिघांचा चहा टाकला. चहा पिताना एकदाच म्हणाला, "ताई, तू जहाजावरून यायचीस तेव्हा पण असंच अंगठा हलवत बसायचीस. जेवताना सुद्धा. आई ओरडायची." ताईंनी "साखर कमी आहे," एवढंच उत्तर दिलं, पण कप रिकामा केला.

गाणं पुरं झालं आणि दातवालीनं ते लेकीला पाठवलं. बासबद्दल अक्षर लिहिलं नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी, सगळी एकत्र न्याहारीला बसलेली असताना लेकीचा फोन आला.

"आई! आत्याचे हात बरे झाले?"

"का गं?"

"का काय? बास आत्याचाच आहे ना? मी लहानपणी तिच्या घरी जमिनीवर झोपायचे, ती वाजवत असायची. मला कळणार नाही? आणि बास परत कुठून मिळवला तिनं?"

दातवालीनं फोन ताईंच्या पुढे धरला. ताईंनी आधी तोंडातला घास गिळला.

"बास बीस काही नाही," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "तुझ्या आईनं गिटारीला खोटे दात बसवलेत. मी फक्त चावून दाखवलं."

पलीकडून हसू आलं आणि पाठोपाठ नाक ओढल्याचाही आवाज आला. नवरा विचारू लागला, "कसलं गाणं? मला कुणी सांगेल का?" मग त्यालाही बसवलं आणि ऐकवलं. गाणं संपल्यावर तो उठून उगाच गाडीची किल्ली शोधायला लागला, सुट्टीचा दिवस असून.

ताईंची बोटं काही बरी झाली नाहीत. थंडी पडली की पेरं लाल होतात, आणि अशा दिवसांत दातवाली वाजवते आणि ताई शेजारी बसून चुका काढतात. बऱ्या दिवसांत उलटं चालतं. गिटारीला आता हलक्यात हलक्या तारा लावल्या आहेत. ताईंच्या घरी रेडिओवर बातम्यांच्या पुढेमागे गाणीही लागतात, फक्त बास वाईट असला की त्या लगेच बंद करतात. लेकीनं दुसऱ्या गाण्याचे शब्द पाठवलेत. दातवालीनं लावलेली चाल ताईंना आवडली आहे, पण लय भलतीच वेगवान वाटते, आणि दातवाली एक ठोकासुद्धा कमी करायला तयार नाही. आज दुपारी त्यावरूनच दोघींची जुंपली आहे, आणि आतल्या खोलीतून नवरा ओरडून सांगतोय की निदान हेडफोन तरी लावून भांडा.