आईच्या आवाजाचे मालक

मी चोर होतो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं कुणी तोंड वर करून विचारायला नको. येरमाळ्यात हायवेच्या कडेला माझं मोबाइलचं दुकान आहे, आणि कितीतरी वर्षं मी त्या दुकानात लोकांची मेमरी कार्डं भरून दिली. कार्ड भरणं म्हणजे काय, हे आताच्या पोरांना सांगावं लागतं. तेव्हा नेट महाग होतं. बाजारला आलेली माणसं फोन माझ्यापुढं टाकायची, "चांगली गाणी भर, दोन पिक्चर टाक" म्हणायची आणि भाजी घ्यायला जायची. ती परत येईपर्यंत मी कॉम्प्युटरवरून त्यांच्या कार्डात सगळं ओतून ठेवायचो. काल थेटरात लागलेला पिक्चर आज माझ्याकडं असायचा. तो कुठून आला हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.

त्या कार्डांत लोकांचं अख्खं घर असायचं. साखरपुड्याचे फोटो, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, कुण्या बाईनं पुण्याला गेलेल्या नवऱ्यासाठी बोलून ठेवलेलं काहीबाही. कॉम्प्युटरला कार्ड लावलं की सगळं उघडं. मी बघायचो का? बघायचो. रोज नाही, पण बघायचो. प्रायव्हसी हा शब्द आमच्याकडं तेव्हा कुणी वापरत नव्हतं. लाज हा शब्द मात्र होता, आणि ती मी खुशाल गुंडाळून ठेवली होती.

माझी आई येडाईची, म्हणजे आमच्या गावच्या देवीची, आराधीण. गळ्यात कवड्यांची माळ, मंगळवारी आणि शुक्रवारी हातात परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायची, देवीची गाणी म्हणायची. बाकीचे दिवस लोकांच्या रानात खुरपणं. आवाज काही गोड नव्हता, जरा घोगराच. पण ती गायला लागली की बाया हातातली कामं टाकून दारात यायच्या. तिच्या गाण्यांतली बरीच तिनंच जुळवलेली होती. हे तिच्यापुढं बोललं की ती चिडायची.

"म्या कुठं जुळवली? येडाईनं जिभंवर ठिवली, म्या म्हणली."

तिच्या आराधिणींच्या मेळ्यात गाण्याचं मोल घेत नसत. कुणी नोट पुढं केली की आई हात मागं घ्यायची. खण-नारळ चालायचा, पसाभर पीठ चालायचं. तो जोगवा, ते मोल नव्हे, असं तिचं म्हणणं. या रीतीचा मला तेव्हा केवढा अभिमान होता! आता त्याच रीतीचा मला राग येतो.

एका चैत्री यात्रेत गाण्यांच्या कंपनीचा माणूस आला. कंपनीचं नाव घेत नाही. आईला आणि मेळ्यातल्या चार बायांना गाडीत बसवून त्यानं स्टुडिओत नेलं, सोबत मीही गेलो. दिवसभर गाणी झाली. संध्याकाळी त्यानं पाकीट पुढं केलं, ते आईनं घेतलं नाही. खण-नारळ मात्र कपाळाला लावून घेतला. मग त्यानं कागद काढला.

"मावशी, ही गाणी कुणाची?"

"येडाईची."

"म्हणजे लिहिणारं कुणी नाही?"

"देवीची म्हणल्यावर लिवणारं कोन आसंल, बाबा?"

त्यानं ते तसंच लिहून घेतलं आणि शाईचा पॅड पुढं सरकवला. आईला वाटलं, खण-नारळ मिळाल्याची पोच असेल. तिनं अंगठा उठवला. मी शेजारीच उभा होतो. मला वाचता येत होतं. पण मी काचेपलीकडच्या त्या मोठ्या मशिनीकडं बघत होतो. असलं एखादं आपल्या दुकानात असतं तर, हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात होता.

त्या गाण्यांची सीडी निघाली, यात्रेत खपली, आणि आमच्या घरी एकही आली नाही. मी ती गाणी कुठूनतरी उचलली आणि माझ्या गिऱ्हाइकांच्या कार्डांत भरली. कंपनीच्या हिशेबानं ती चोरी. आईला मात्र कौतुक. "चार घरात देवीचं नाव जातंय, चांगलंच हाय की," म्हणायची.

पुढं नेट स्वस्त झालं, कार्डं भरायला कुणी येईना. मी फोनची कव्हरं आणि चार्जर विकायला लागलो. आई थकली, मग आजारी पडली. एका दुपारी ती ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती आणि आपल्याच नादात त्या सीडीतलंच एक गाणं गात होती. मी गुपचूप फोन धरला. गाणं मध्येच खोकल्यानं तुटतं, ती पुन्हा धरते, आणि शेवटी माझ्याकडं लक्ष गेल्यावर म्हणते, "ते ठिव खाली आन् जेवून घी आदी." त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

माझी थोरली बहीण भूमला दिलेली. तिला आईचं ते गाणं ऐकता यावं म्हणून मी ते नेटवर माझ्या खात्यावर टाकलं. अक्का रोज सकाळी भाकरी थापताना ते लावायची. "खोकल्याचा आवाज आला की जीव कसानुसा व्हतो, पर लावल्याबिगर ऱ्हावत न्हाय," म्हणायची. पुढं माझा तो फोन पाण्याच्या हौदात पडून मेला. लोकांची गाणी मी हजारो कार्डांत भरून दिली असतील, पण आईचं हे एकच गाणं मी दुसरीकडं कुठं ठेवलं नव्हतं. नेटवर आहे ना, मग ते कुठं जातंय, या भरवशावर मी राहिलो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

एका सकाळी अक्काचा फोन आला. "आरं, आई दिसंना."

बघतो तर आईच्या जागी काळी पाटी. कंपनीनं तक्रार केली होती की या गाण्याचे सगळे हक्क त्यांचे आहेत आणि ते परवानगीशिवाय टाकलं आहे. इतकी वर्षं मी दिवसाढवळ्या पिक्चर वाटले तेव्हा कुणी आलं नाही. कायद्यानं मला धरलं ते माझ्या आईच्या आवाजासाठी!

हरकत घ्यायची तर फॉर्म होता. त्यात माझं पूर्ण नाव, राहता पत्ता, फोन नंबर. खाली लिहिलेलं की ही माहिती तक्रारदाराला कळवली जाईल. तक्रारदाराची माहिती मला कोण कळवणार? तिथं नुसतं कंपनीचं नाव होतं. मी सगळं भरून दिलं. चौथ्या दिवशी फोन आला, कंपनीचा, गोड आवाजाचा माणूस.

"येरमाळ्यातच दुकान ना तुमचं? आधी कार्डं भरून द्यायचात म्हणे. ते प्रकरण बाहेर काढायचं का आपण?"

लोकांची कार्डं उघडून बघणारा मी, आज माझंच कार्ड कुणीतरी उघडून बसलं होतं. मला माझी कीव आली नाही. राग मात्र इतका आला की दोन दिवस दुकान उघडलं नाही.

त्याच सुमारास कळंबच्या एका कॉलेजात याच विषयावर कार्यक्रम होता, म्हणून गेलो. एक वकीलसाहेब म्हणाले, पायरसीनं कलावंताच्या पोटावर पाय येतो, कायदा आणखी कडक हवा. एक प्राध्यापक म्हणाले, कायदा कडक केला की कंपन्या प्रत्येकाच्या फोनात डोकावतील. दोघांनाही टाळ्या पडल्या. शेवटी मी उभा राहिलो आणि आईचं सगळं सांगितलं. वकीलसाहेबांनी विचारलं, "कागदावर सही आहे का?"

"अंगठा आहे."

"मग तिचा काय संबंध? हक्क कंपनीचा." पोरं हसली. प्राध्यापकसाहेब घड्याळ बघत होते. चहा न पिता मी तिथून निघालो.

मग मेलवर कंपनीचं पत्र आलं, खाली 'मान्य' म्हणायचं बटण. हरकत मागं घ्या, गाण्यावर आणि त्या व्हिडिओवर आमचाच हक्क आहे हे मान्य करा, पुन्हा कधी वाद घालणार नाही असं लिहून द्या, मग व्हिडिओ परत दिसेल. त्यावर जाहिराती आम्ही लावू. नाहीतर कोर्ट. मी ते पत्र तीनदा वाचलं. आवाज तिचा, ओटा आमचा, खोकला तिचा, आणि मालक ते. एवढं स्पष्ट लिहिलेलं होतं की न कळायला जागाच नव्हती. इकडं अक्का रोज विचारत होती, "आई आली का रं?" पाचव्या दिवशी मी 'मान्य' दाबलं.

दुसऱ्या दिवशी आई परत आली. तिच्या आधी एक पोरगी कसलंसं क्रीम तोंडाला लावून हसते, मग आई गायला लागते. खाली कंपनीचं नाव. ते बघून अक्कानं फोन केला.

"खाली कुणाचं नाव हाय हे?"

मी सगळं सांगितलं. फॉर्म, धमकी, पत्र, काही लपवलं नाही. तुझ्यासाठीच केलं, हेही म्हणालो. पलीकडं परातीवर हात आपटल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"आईनं न वाचता अंगठा दिला व्हता," अक्का म्हणाली. "तू तर वाचून दिलास."

तिनं फोन ठेवला. भाची सांगते, अक्का आता सकाळी भाकरी थापताना काहीच लावत नाही.