दुसरा टॉवेल

माझ्या नवऱ्याने हिंजवडीतली नोकरी सोडून कुत्र्यांना आंघोळ घालायचा धंदा काढला, तेव्हा मी माहेरी महिनाभर ताकास तूर लागू दिली नाही. आम्ही लातूरकडचे. तिकडे टँकर आला तर माणसांनी आंघोळ करायची, कुत्र्याचा प्रश्नच नाही. पण २००८च्या सुमारास महाळुंग्यापासून हिंजवडीपर्यंत टॉवर उभे राहत होते. दर मजल्यावर एखादं लॅब्राडोर नाहीतर पॉमेरेनियन होतं आणि त्याला आंघोळ घालायला घरात कुणाला वेळ नव्हता. नवऱ्याने जुनी व्हॅन घेतली. आत पाण्याची टाकी, ओटा आणि केस वाळवायचा ब्लोअर बसवला. पुढे मंदीत माझीही नोकरी गेली आणि मी व्हॅनवर बसू लागले. कंपनीत मी सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहायची, म्हणून लोकांशी बोलायचं खातं आपोआप माझ्याकडे आलं.

आपण गिऱ्हाइकांशी कोणत्या आवाजात बोलायचं, हाच मोठा प्रश्न होता. नवऱ्याने पहिला मेसेज लिहिला, 'आपल्या लाडक्या श्वानाच्या स्नानाची वेळ झाली आहे.' मी म्हटलं, "लोकांना वाटेल ग्रामपंचायतीने नोटीस काढली." मग त्याने इंग्रजीत गोडगोड काहीतरी लिहून आणलं. ते कंपनीतून हाकलताना पाठवतात तसल्या मेलसारखं होतं, आणि मी नुकतीच तशी एक मेल वाचलेली होती. त्यावरून आमचं चांगलंच वाजलं.

आवाज सापडला तो गिऱ्हाइकांच्या दारातच. कुत्रं पाळलेल्या प्रत्येक घरात कुणीतरी एक जण कुत्र्याच्या वतीने बोलत असतो. कुत्रं बिचारं गप्प बसलेलं असतं आणि घरातली बाई आवाज बारीक करून म्हणते, "नाही जायचं मला गाडीत, आई." मी तो आवाज उचलला. अंग पुसायला टॉवेल आम्ही गिऱ्हाइकाचाच मागायचो, नाहीतर एकाची खरूज दुसऱ्याला. म्हणून आंघोळ उरकत आली की मेसेज जायचा, 'आई, मी भिजलोय. टॉवेल घेऊन खाली ये.' भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी, कारण तेव्हाच्या फोनना देवनागरी झेपत नसे. बायका हसत हसत खाली यायच्या. धंद्याने बाळसं धरलं आणि मी जरा चढलेच. कोणत्या घरात कसं बोलतात ते कान देऊन ऐकायची आणि मेसेजला त्या घराचं वळण द्यायची. कुठे 'मम्मा', कुठे 'आऊ'.

महाळुंग्याच्या गावठाणात एक घर होतं. जमीन विकून वर दोन मजले चढवलेले, खाली भाडेकरू. मालकीणबाई पन्नाशीच्या, वर राहायच्या. त्यांचं काळं लॅब्राडोर आमच्याकडे सोपवताना म्हणाल्या, "लई गुनी हाय. पर पान्याला भितंय." पाण्याला भिणारं लॅब्राडोर नवऱ्याने तोवर पाहिलं नव्हतं. मी मात्र त्यांची बोली ऐकत होते. आंघोळ संपताना मी लिहिलं, 'आई, म्या भिजलोय. टावेल घिऊन खाली ये.'

मालकीणबाई जिन्यावरून अनवाणी धावत आल्या. हसत नव्हत्या. हातात दोन टॉवेल होते. एक कुत्र्यावर टाकला, दुसरा छातीशी धरून ठेवला. "हा कुणासाठी, मावशी?" मी विचारलं. "आसू दे," म्हणाल्या. कुत्रं पुसून घेत होतं, पण बघत होतं आमच्या व्हॅनच्या मागे, रिकाम्या रस्त्याकडे. मावशीही तिकडेच बघत होत्या. म्हणून मीही वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

त्यानंतर त्यांचा फोन आठवड्याला यायला लागला, मग आठवडा संपायच्या आतच. कुत्रं स्वच्छ असायचं. "घान झालंय," त्या म्हणायच्या. त्याच्या पोटाची कातडी लाल होऊन सोलवटायला लागली, तेव्हा नवऱ्याने महिन्यातून एकदाच पुरे म्हणून सांगून पाहिलं. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. एकदा कुत्रं पुसता पुसता त्यांनी दुसरा टॉवेल माझ्या हातात धरायला दिला. तो ओला होता. श्रावणात मुळशी तालुक्यात काहीच वाळत नाही, असं मी स्वतःला बजावलं. पण तो ओलावा गार होता, नुकताच कुणाच्या अंगावरून काढल्यासारखा. मी तो घाईघाईने परत केला आणि घरी येईपर्यंत हात ओढणीला पुसत राहिले.

मग एका दुपारी मेसेज जाऊनही त्या खाली आल्या नाहीत. व्हॅनच्या फोनवरून रिंग देत मी जिना चढले. दार उघडं होतं. त्यांचा फोन खिडकीत वाजत होता आणि त्या समोर उभ्या राहून त्याच्याकडे नुसत्या बघत होत्या. मी जवळ गेले. रिंग माझीच होती, पण पडद्यावर आमच्या धंद्याचं नाव नव्हतं. कुणा मुलाचं नाव होतं. मी रिंग बंद केली. नाव विझलं.

खाली ओसरीत त्यांचे यजमान खुर्ची टाकून बसले होते. मी ते नाव सांगून विचारलं, हे कोण.

"आमचं पोरगं," ते म्हणाले. "दोन वर्सं झाली. कासारसाईच्या धरनात पवायला गेलं, ऱ्हायलं तितंच. कुत्रं तेवढं भिजून घरी आलं. हिला वाटलं, मागनं त्यो बी येतोय. टावेल घिऊन दारात हुबी ऱ्हायली, पार दिवेलागनीपतुर."

व्हॅनमध्ये बसल्यावर मला रडूच फुटलं. कोणत्या घरात कोणता आवाज शोभतो हे मी इतकं कान देऊन ऐकलं होतं, आणि नेमका त्या पोराचा आवाज उचलला होता. नवरा म्हणाला, "बंद कर सगळं. श्वानच बरं होतं." त्या संध्याकाळपासून सगळ्या गिऱ्हाइकांना त्याच्याच पहिल्या मसुद्याच्या भाषेत मेसेज जायला लागले.

पुढच्या खेपेला मावशींच्या दारात आंघोळ उरकली आणि मी मेसेज पाठवला, 'आपल्या श्वानाचे स्नान पूर्ण झाले आहे. कृपया टॉवेल आणावा.' लगेच फोन वाजला. मी कानाला लावला. मी हॅलो म्हणायच्या आत पलीकडून आवाज आला, अगदी हळू.

"आज आसं परक्यावानी का बोलतुयास?"

कुत्र्याला नवऱ्याजवळ ठेवून मी वर गेले. मावशी पलंगावर बसल्या होत्या, शेजारी दोन्ही टॉवेल. मी एका दमात सांगून टाकलं. "मावशी, ते मेसेज मी लिहिते. तो नाही."

"मला काय कळत न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या. "तुमचा नंबर त्याच्या नावानं म्याच ठिवलाय." बाहेर पागोळ्या वाजत होत्या. "पर बाय, तू दर येळी लिवतीस, भिजलोय म्हनून. दोन वर्सं झाली, पोरगं भिजलेलंच हाय. योक डाव लिव. सुकलो म्हनून लिव."

मला ते नको होतं. गेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालायचे, तेही त्याच्या आईसमोर बसून. शिवाय मला भीती वाटत होती, आणि कशाची ते सांगता येत नव्हतं. पण त्या माझ्याकडे बघत होत्या. मी फोन काढला. दोनदा चुकलं. मग लिहिलं, 'आई, म्या सुकलोय. आता टावेल नगं.'

त्यांच्या हातातला फोन वाजला. पडद्यावर ते नाव आलं. इंग्रजी अक्षरं जुळवून मेसेज वाचायला त्यांना मुलानेच शिकवलं होतं. ओठ हलवत, एकेक अक्षर लावत त्यांनी वाचलं आणि फोन पालथा ठेवला.

"कुत्र्याला आता म्हैन्यानं न्या," त्या म्हणाल्या. मग दुसरा टॉवेल उचलून माझ्याकडे दिला. "ह्यो घिऊन जा. कुत्र्याचं आंग पुसा."

पाऊस आठवडाभर लागून होता. खोलीच्या भिंतींना ओल आली होती, पलंगावरची चादरसुद्धा दमट होती. मी टॉवेल हातात घेतला. तो खडखडीत वाळलेला होता.