सगळे म्हणतात, पाणी गोड आहे

बाबा सहा महिन्यांत रिटायर होणार होते आणि लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडावं लागणार होतं. जायचं कुठे? आम्हा दिल्लीकर मराठी नोकरदारांनी मिळून हाउसिंग सोसायटी काढली होती, बाबा तिचे अध्यक्ष. गाझियाबादच्या पुढे एक जमीन जवळजवळ नक्की झाली होती. तेव्हा काय, शेतात चार खुंट्या ठोकल्या की झाली कॉलनी! प्रश्न एकच होता, पाण्याचा. तिकडे पुष्कळ ठिकाणी खारं लागायचं.

पण "पाणी एकदम गोड आहे," असं सगळेच म्हणत होते. गणपतीच्या मंडळात, भिशीत, ऑफिसच्या चार्टर्ड बसमध्ये. मी नुकतीच एका खाजगी कंपनीत लागले होते, साहेबांना निर्णयासाठी माहिती गोळा करून द्यायचं काम. मला वाटायचं, इतकी माणसं एकच गोष्ट सांगतात, अजून काय पाहिजे?

रविवारी सकाळी आमच्याकडे कमिटी जमली. हात वर करून मंजुरी द्यायची, की संपलं. आईही पूर्वी सरकारी नोकरीतच होती. फायलीवर 'ऐसा ज्ञात हुआ है' वाचलं की तिचं डोकं फिरायचं: अरे, पण कोणाला ज्ञात हुआ? पोह्यांच्या बशा ठेवता ठेवता तिने खजिनदारांना विचारलं, "भावजी, पाणी गोड आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी म्हणजे? सगळेच म्हणतात, वहिनी."

"सगळ्यांचं सोडा. तुम्हाला कोणी?"

त्यांनी सेक्रेटरींकडे बोट दाखवलं. सेक्रेटरींना त्यांच्या मिसेसनी सांगितलं होतं, मिसेसना समोरच्या वहिनींनी. आईने गॅलरीतून त्यांना हाक मारली. "अय्या, तुमच्या ह्यांनीच नाही का आरतीनंतर सांगितलं!" मग आईने चार्टर्ड बसने जाणाऱ्या मेंबरांना धरलं. तीही वाट फिरून बाबांपाशीच आली. भिशीचीसुद्धा. बाई गं! चाळीस कुटुंबांची खात्री, आणि साक्षीदार एक.

"अगं, मी स्वतः प्यायलोय," बाबा म्हणाले. "जमिनीच्या डीलरच्या ऑफिसात. माठातलं."

"माठ कुठून भरला होता?"

"ते नाही विचारलं," बाबा म्हणाले. "मलाही आधी शंका होती. पण जो तो येऊन मलाच सांगायला लागला, तेव्हा वाटलं, खरं असणार."

स्वतःचंच बोलणं गावभर फिरून आलं आणि त्यांना ते ओळखू आलं नाही. आमच्या एकमेकांच्या ओळखीतल्या चाळीस घरांत दुसरं काय होणार?

पुढच्या रविवारी आम्ही तिघं तिकडे गेलो. आईने जमिनीच्या आसपासच्या वेगवेगळ्या हापशांचं पाणी कॅनमध्ये भरून घेतलं. एकाच हापशावर भरवसा नको म्हणाली. खाऱ्या, जड पाण्यात डाळ शिजत नाही, म्हणून संध्याकाळी कमिटीसमोर प्रत्येक पाण्यात, आणि घरच्या नळाच्याही, तुरीची डाळ लावली. शिट्यांवर शिट्या झाल्या. घरच्या नळाच्या पाण्यातली डाळ मेणासारखी मऊ झाली, बाकीची दाताखाली टचटच लागत होती. सगळ्यांनी एकेक चमचा खाऊन पाहिली. कोणी वाद घातला नाही. कशाचा घालणार? इतका साधा आणि इतका पक्का पुरावा मी कंपनीच्या मोठमोठ्या कागदांतही पाहिला नव्हता. मला आईचे पाय धरावेसे वाटले.

पण दुसरी जमीन शोधायची म्हणजे वर्षं जाणार. बाकीच्यांच्या नोकऱ्या बाकी होत्या, क्वार्टर हातात होतं. आमचं जाणार होतं. "फिल्टर लावू यार, चलता है," असं बाबा म्हणाले असते तर कमिटीने मान डोलावली असती. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"जमीन रद्द करायच्या बाजूचे हात वर," बाबा म्हणाले, आणि पहिला हात त्यांचाच गेला. सगळे हात वर येईपर्यंत त्यांनी तो खाली घेतला नाही.

माणसं गेली. बाबा खुर्चीतच बसून राहिले. मग लहान आवाजात म्हणाले, "आता आपण कुठे गं जायचं?"

आईला माहीत नव्हतं. तिने तसंच सांगितलं.