बॅग कुणी भरली?

परदेशी निघालेला माणूस साळवे सरांच्या ओट्यावर आला, की सर त्याला कुठे चाललास, काम कसलं, असलं काही विचारत नसत. चष्मा कपाळावर सरकवायचे आणि पहिला प्रश्न टाकायचे, "बॅग कुणी भरली?" आईने किंवा बायकोने, असं उत्तर आलं की अख्खी बॅग तिथेच उलटी करायला लावायचे. केडगावात आमची भिंत सरांच्या भिंतीला लागून, त्यामुळे हा खेळ मी दर रविवारी पाहिला आहे. तेव्हा हसू यायचं. आता येत नाही.

सर हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झालेले. पत्नी मार्थाबाई गेल्या, आणि एकुलती एक रूथ नर्स होऊन आखातात गेली. पहिल्या खेपेला विमानतळावर गोंधळून तिने रडत फोन केला होता. तेव्हापासून सरांनी हा वर्ग सुरू केला. चर्च सुटलं की ओट्यावर विमानतळ मांडला जाई. बाज म्हणजे चेक-इनचा काउंटर, स्वयंपाकघराची चौकट म्हणजे सुरक्षा तपासणी, कपड्यांची दोरी म्हणजे रांग. सर स्वतः कधी विमानात बसलेले नव्हते. परतलेल्या माणसांना खोदून खोदून विचारून त्यांनी वही भरली होती.

"बोर्डिंग पास मिळाला म्हणून पेंगत बसू नका, गेट ऐन वेळी बदलतं," ते सांगत. "ट्रान्झिट म्हणजे कोपरगावला गाडी बदलायची, फक्त स्टँडबाहेर चहाला जायचं नाही." आणि बोट उगारून, "इमिग्रेशनला विचारतील तेवढंच सांगा, पण खरं सांगा. तिथं खोटं बोललात तर मी तुम्हाला ओळखत नाही."

एकदा पाथर्डीचा एक वेल्डर आला. सरांनी प्रश्न विचारला तर लाजत म्हणाला, "आईनं भरली, सर. चार दिस लागलं तिला." कपड्यांच्या तळातून मसाल्याची पुडी निघाली. सरांनी ती फोडून तळहातावर पसरली आणि त्यातले पांढरे दाणे वेगळे केले. "ही खसखस. आपल्याकडे वाटणात घालतात, तिकडे अफूत धरतात. तुरुंगात घालतील."

"आवो, येवढ्याशा दान्यासाठी?" तो म्हणाला.

"दाण्याचा आकार ते बघत नाहीत, बाबा. आईची माया इथं जेवून जा, बॅगेत नको."

आम्ही शेजारणी त्यांना माघारी खसखस सर म्हणायचो. मीच ते नाव ठेवलं होतं.

मग रूथला मुलगा झाला आणि तिने सरांना तिकीट पाठवलं. आठ दिवस सर बॅग भरत होते. कुणाला हात लावू देईनात. मला मात्र चैन पडेना. रूथ माझ्याच स्वयंपाकघरात लहानाची मोठी झाली होती, माझे अनारसे तिचा जीव की प्राण. मी डबाभर केले. अनारशाला खसखस लागतेच. मला ते माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कच्ची खसखस वेगळी, तळलेल्या अनारशाला कोण विचारतंय, अशी मी मनाची समजूत घातली.

निघायच्या सकाळी चर्चचे पाळक आले. सगळ्यांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. बॅग उघडी होती. मी डबा स्वेटरखाली सरकवला आणि पुन्हा हात जोडले. प्रार्थना संपल्यावर सरांनी स्वतः कुलूप लावलं, बॅग उचलली आणि थबकले.

"जड लागते गं, मंगल."

"वय झालं सर तुमचं," मी म्हणाले. सगळे हसले, सरही हसले.

मुंबईच्या विमानतळावरून त्यांचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. "अगं, सगळं मी शिकवतो तस्संच आहे! बेल्टसुद्धा काढायला लावला. आणि काउंटरवरच्या मुलीनं काय विचारलं असेल? बॅग कुणी भरली! मी म्हटलं, मीच." माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. बॅग तेव्हा पट्ट्यावरून आत गेली होती, पण सरांना सांगता आलं असतं. मी म्हणाले, "जपून जा." आणि फोन ठेवला.

रात्री उशिरा रूथचा फोन आला. विमान केव्हाच उतरलं होतं, माणसं बाहेर आली, पप्पा आले नाहीत. ती बाळाला घेऊन कठड्यापाशी चार तास उभी होती.

तीन महिने तिथल्या तुरुंगात ठेवून त्यांना परत पाठवलं. त्या देशात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही, असा हुकूम. नातवाला त्यांनी पाहिलंच नाही. सर वाळून गेले होते. मी रोज चहा नेऊन द्यायची. ते कप घ्यायचे, बस म्हणायचे. एक शब्द त्यांनी मला विचारला नाही, आणि मी भित्री, मीही सांगितलं नाही. रविवारी पुन्हा माणसं यायला लागली. सर गेट, ट्रान्झिट, सगळं शिकवायचे. बॅग कुणी भरली, हे मात्र त्यांनी नंतर कुणालाच विचारलं नाही. मी भिंतीआड उभी राहून वाट बघायची.

दुसऱ्या हिवाळ्यात सर गेले. रूथ मुलाला घेऊन आली. मातीनंतर आम्ही दोघीच घरात होतो, तेव्हा ती बोलली.

"मावशी, त्या डब्याच्या झाकणावर नाव घातलेलं होतं. सौ. मंगल. तिथल्या दुभाष्याला हिंदी वाचता येत होतं. त्यानं विचारलं, ही कोण? पप्पा म्हणाले, माझी बायको. वारली ती."

लग्नातला डबा होता तो.

"मम्मीचं नाव तर मार्था होतं," रूथ म्हणाली. आवाज चढला नव्हता.

मी तिचे पाय धरायला वाकले, तिने ते मागे घेतले. चौथ्या दिवशी ती निघाली. आतल्या खोलीत बॅग उघडून बसली होती. मी सवयीने घड्या घालायला पुढे झाले.

"तुम्ही बाहेर बसा, मावशी," ती म्हणाली. "बॅग मी एकटीच भरते."

मी ओट्यावर जाऊन बाजेवर बसले. आतून कडी लावल्याचा आवाज आला.