तळ्याकाठी विचारलेलं गाव

मॉरिशसमधलं हे तळं ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं आहे, असं गाईडने सांगितलं. पाणी हलत नव्हतं; मला मात्र एका जागी उभं राहवत नव्हतं. सकाळीच लेकीचा फोन आला होता, “आई, आम्ही आता कायमचं जर्मनीतच राहणार.”

काठावर फुलं वाहणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी माझ्या साडीकडे बघून विचारलं, “मराठी काय?”

मी चमकलेच. त्यांच्या पणजोबांना उसाच्या मळ्यावर कामाला आणलं होतं म्हणे.

“गाव कुठलं तुमचं?”

“कोकणातलं. नाव कुणी सांगूनच ठेवलं नाही.” त्या हसल्या. “तुमचं?”

“पालशेत. गुहागरजवळ.”

“मग आमचंही तेच म्हणू या.”

मला हसू येईना. जिथे आग उसळली, तिथे इतकं शांत पाणी साचायला किती काळ लागला असेल, कोण जाणे. गावाचं नाव पुसलं जायला मात्र दोन-तीन पिढ्या पुरतात.

बसने हॉर्न दिला, तरी मी तिथूनच लेकीला फोन लावला आणि नातीला फोनवर बोलवायला सांगितलं.

“म्हण बाळा, पालशेत.”

“पालसेट,” ती म्हणाली.

“पुन्हा म्हण.”