फोटोत दिसला, व्हिडिओत नाही

कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर भुताटकीचा फोटो टाकला की ग्रुपवर सगळ्यात आधी माझा रिप्लाय असायचा. लेन्सवर धूळ आहे, शटर स्लो आहे, नाहीतर सरळ सरळ एडिट केलंय. माझं पोटच कॅमेऱ्यावर चालतं. ड्रोनने जमिनीचे सर्व्हे करते, खारघरला राहते. आता जे सांगणार आहे ते दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण तो फोटो मीच काढलाय...

दिवाळीच्या थोडं आधीची गोष्ट. हरेश माझ्या ऑफिसात आहे, बोनकोडे गावचा. त्याचे वडील, गाव त्यांना आबा म्हणायचं, जन्मभर खाडीत मासेमारी केलेला माणूस. अलीकडे विसरायला लागले होते. कधी नातवाला मुलाच्या नावाने हाक मारायचे, कधी जाळं कुठे ठेवलंय म्हणून घर डोक्यावर घ्यायचे. जाळं विकून कित्येक वर्षं झाली होती. त्या दिवशी संध्याकाळी ते घरातून निघाले ते परतलेच नाहीत. गावातली माणसं रात्रभर शोधत होती. सकाळी हरेशचा फोन आला, ड्रोन घेऊन ये म्हणाला. आवाज बसला होता त्याचा.

मी पोहोचले तेव्हा खाडीच्या बांधावर पन्नासेक माणसं होती, पोलीस होते, अग्निशमनवाले होते. पोलिसांनी उडवायला लगेच होकार दिला. समोर तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं रान, मधे मधे उघडा चिखल. ओहोटी होती, पण थोड्या वेळात पाणी भरायला लागणार होतं. माझ्याकडे बॅटऱ्या दोनच चार्ज होत्या.

अशा वेळी पहिला प्रश्न असतो, व्हिडिओ घ्यायचा की फोटो काढायचे. लोकांना वाटतं एकच गोष्ट आहे. पण व्हिडिओ सलग असतो, मधलं काही सुटत नाही. फक्त थांबवून मोठा करायला गेलं की चित्र विस्कटतं. फोटोत झाडाचं पान न् पान दिसतं, पण एका फोटोपासून दुसऱ्यापर्यंत काय झालं ते कळत नाही. मी पहिल्या बॅटरीवर सगळ्या पट्ट्याचा व्हिडिओ घेतला.

हरेश आणि मी पोलिसांच्या गाडीत बसून तो टॅबवर पाहिला. चिखल, बगळे, प्लास्टिक. शेवटी जुन्या उघाडीपाशी, म्हणजे जिथे भरतीचं पाणी अडवायला बांधात दारं बसवलीत तिथे, एक पांढरा ठिपका दिसला. फ्रेम थांबवून मोठी केली तर नुसता पांढरा डाग. गोणपाट असेल, थर्माकोल असेल, काहीही असेल. आबांच्या अंगात पांढरी बंडी होती.

मग दुसरी बॅटरी लावली आणि फोटो काढत निघाले. वाटलं होतं उघाडीपर्यंत पोहोचेन. पण वारा वाढला, बॅटरी भराभर उतरली, अर्ध्यातूनच ड्रोन परत बोलवावा लागला.

फोटो बघायला घेतले आणि एका फोटोवर हरेशने माझा हात धरला.

तिवरांच्या मधे एक चिखलाची मोकळी जागा. तिथे एक म्हातारा उभा. पाठमोरा. पांढरी बंडी, डोक्याला लाल चौकडीचं फडकं, डावा खांदा उतरलेला. समोरच्या झाडीकडे हात केलेला... एखाद्याला थांब म्हणतो तसा.

"बापूसच हाय माझा," हरेश म्हणाला. एरवी ऑफिसात तो कधी असं बोलत नाही.

मी पुढचा फोटो उघडला. सर्व्हेचे फोटो एकमेकांवर चढतील असेच काढतात, त्यामुळे तीच मोकळी जागा पुढच्या फोटोतही होती. मागच्याही. दोन्हींत कुणी नव्हतं. व्हिडिओत तीच जागा पुन्हा पाहिली. तिथेही नुसता चिखल. मी म्हटलं, झाडीखाली गेले असतील. गुडघाभर चिखलात म्हातारा माणूस दोन-तीन सेकंदांत झाडीखाली जातो का, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. पडला असेल तर मी तो बाजूला सारला.

पाणी भरायला लागलं होतं. होडी एकच. उघाडी एका टोकाला, बांध मधेच फुटल्याने तिथेही होडीनेच जायचं; ती मोकळी जागा दुसऱ्या टोकाला. पोलिसांनी मला विचारलं, मॅडम, कुठे पाठवायची? एकीकडे डाग होता, दुसरीकडे स्पष्ट उभा माणूस. मी फोटो दाखवला.

होडी गेली. आम्ही बांधावर उभे. बऱ्याच वेळाने हरेशच्या फोनवर होडीतल्या अग्निशमनवाल्याचा कॉल आला. हरेश ऐकत राहिला आणि मग खालीच बसला. मला वाटलं, आबा गेले.

आबा तिथे नव्हतेच. होता तो गणेश, हरेशचा धाकटा भाऊ.

पहाटे तो एकटाच वडिलांना शोधायला तिवरांत शिरला होता. इतकी माणसं चारी बाजूंना पांगलेली, तो परत आला नाही हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. छातीपर्यंत चिखलात रुतला होता, फोन चिखलात गेला होता. वर झाडांचं छप्पर, त्यामुळे माझ्या एकाही फोटोत तो नाही. होडी पोहोचली तेव्हा पाणी हनुवटीला लागलं होतं.

आबा पुढच्या ओहोटीला सापडले. उघाडीपाशी. तो पांढरा डाग म्हणजे तेच. डॉक्टर म्हणाले, आदल्या संध्याकाळीच गेलेत. म्हणजे मी ड्रोन उडवला त्याच्या कितीतरी आधी.

नंतर मी ती फाइल ओळखीच्या दोन जाणकारांना दाखवली. मेमरी कार्डात बिघाड नाही, जुना फोटो मिसळलेला नाही, आणि मिसळणार तरी कुठून? आबांचा फोटो मी त्याआधी कधी काढलाच नव्हता.

गणेशला महिनाभर हॉस्पिटलात राहावं लागलं. घाण पाणी छातीत गेलं होतं. मी भेटायला गेले तेव्हा फोटो दाखवावा की नाही ठरवलं नव्हतं, पण त्यानेच मागितला. बोटांनी मोठा केला. मग त्या पुढे केलेल्या हातासमोरच्या झाडावर बोट ठेवलं. "मी हितंच व्हतो," म्हणाला. "ड्रोनचा आवाज आला, मी बोंबलत व्हतो. समोर सगला चिखल दिसत व्हता. कोनी नव्हता."

हरेश-गणेशच्या आईला आम्ही काही सांगणार नव्हतो. पण गावात गोष्ट राहते का? दिवसकार्य आटोपल्यावर तिने मला घरी बोलावलं. टॅब मांडीवर घेतला, त्या पाठमोऱ्या माणसावरून बोट फिरवलं. रडली नाही. मला वाटलं, ती विचारेल की हे कसं झालं, आणि मी मनात उत्तर जुळवत होते — प्रकाश, सेन्सर, काहीतरी.

तिने ते विचारलंच नाही.

"पोरी," ती म्हणाली, "तवा कोनी हाक मारली असती, त वलून बघला असता का गो त्यानी?"