प्लास्टरमधल्या पायाने मारलेला गोल

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, बंदोबस्तात उभं राहून गुडघ्यांची वाट लावून घेतली. पण 'एखादी केस सांगा ना' असं कुणी म्हटलं की मला आधी आठवतं ते मुलुंडच्या पाटल्यांचं प्रकरण. त्यात ना पाठलाग, ना गोळीबार. तरी ते अजून डोक्यातून जात नाही.

मी तेव्हा मुलुंडच्या एका ठाण्यात गुन्हे निरीक्षक होतो. रविवारी एक कुटुंब लग्नाला गेलं आणि संध्याकाळी परत आलं, तर कडी-कोयंडा उचकटलेला आणि आजींच्या सोन्याच्या पाटल्या गायब. पंचनामा झाला. सोसायटीचा कॅमेरा अपेक्षेप्रमाणे बंद होता. वॉचमनने जबाब दिला की चारच्या सुमारास कालचा इलेक्ट्रिशियन आत जाताना दिसला. शनिवारी त्याच घरात पंखा दुरुस्त करून गेलेला पोरगा. झालं, पथकाने सोमवारी सकाळी त्याला मानखुर्दहून चौकशीसाठी आणलं.

पोरगा तेवीस-चोवीसचा, काटक. गुडघा सोललेला, नडगी काळीनिळी. भिंतीवरून उडी मारताना लागलं असणार, याबद्दल आमच्या पथकाला काडीचीही शंका नव्हती.

"रविवारी चार वाजता कुठे होतास?"

"घरी. झोपलो होतो."

"आणि हा गुडघा?"

"झोपेत पडलो साहेब."

"नडगीवर पण झोपेतच लाथ बसली का रे?"

त्याच्या मोबाईलचं लोकेशन खरंच घरचं निघालं, त्यामुळे मी जरा विचारात पडलो. तेवढ्यात त्याची आई डबा घेऊन आली. जालन्याकडची बाई, धुणीभांडी करून पोराला आयटीआय केलेलं. 'जय भीम साहेब' म्हणून ती समोर उभी राहिली.

"रविवारी दुपारी हा घरी होता का?" मी विचारलं.

"खोटं कशाला बोलू साहेब? नव्हताच घरी. फोन चार्जिंगला लावून जेवल्या जेवल्या गेला."

"आई, तू गप ना यार!" पोरगा कळवळला.

बाई रडकुंडीला आली. एका लिफ्टच्या कंपनीत त्याची निवड झाली होती, फक्त पोलीस व्हेरिफिकेशन बाकी होतं. चोरीच्या गुन्ह्यात नाव आलं की नोकरी गेलीच. हे मी त्याला समजावून सांगितलं, दरडावूनही सांगितलं. त्यावर तो खाली मान घालून म्हणाला, "साहेब, पुढच्या रविवारनंतर सगळं सांगतो. तोपर्यंत हवं तर मला आत ठेवा."

"कोठडी म्हणजे काय मामाचं घर आहे का तुझ्या?" मी ओरडलो. पण मनात म्हटलं, इथे काहीतरी वेगळंच शिजतंय. चोर सुटायची घाई करतो, हा मुक्कामाची परवानगी मागतोय.

मी वॉचमनला परत बोलावला. लबाडाला पकडायची माझी पद्धत साधी होती. त्याला बारीकसारीक तपशील विचारत राहायचं. माणूस मोठी थाप तयार करून येतो, बारीक गोष्टी तयार करायला त्याला वेळ नसतो. मग तो बिचारा खऱ्यातूनच उसने घेतो.

"कपडे कसले होते?"

"निळा टी-शर्ट, साहेब."

"अजून?"

"पाठीवर नऊ नंबर. निळी हाफ पँट. गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे..." आणि तो मध्येच थांबला.

अरे, घरफोडीला जाताना गुडघ्यापर्यंत मोजे कोण घालतं? याने पोराला पाहिलं होतं हे नक्की, पण सोसायटीच्या दारात नव्हे. त्याला बाकावर बसवून ठेवला आणि चहा मागवला.

दुपारी ठाण्याचा फोन वाजला. नाव न सांगणारा आवाज खुशीत होता. "साहेब, तो नऊ नंबरवाला धरलात ना? झकास काम केलंत! बोगस प्लेअर आहे तो. सेमीफायनलला दुसऱ्याच्या नावाने खेळला, दोन गोल मारून आम्हाला घरी पाठवलं."

"कधी?"

"काल, चार वाजता. अख्ख्या ग्राउंडने पाहिलंय."

"मग ये आणि एवढंच लिहून दे."

"मी कशाला येऊ?" म्हणून फोन कट. का ते नंतर कळलं. त्यांचा स्वतःचा गोलकीपरही बाहेरचा, वाकोल्याचा होता.

आमचा हवालदार फुटबॉलचा वेडा, त्याने मला या स्पर्धेचा, म्हणजे कपाचा, इतिहास सांगितला. फार वर्षांपूर्वी कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांनी हा कप सुरू केला. आठवड्याची एकच सुट्टी आणि मैदान जेमतेम मिळायचं, म्हणून साखळी-बिखळी भानगड नाही, हरला की घरी. उपनगरांतले ठरावीक संघ आणि एक कडक नियम: खेळाडू आपल्याच वस्तीचा पाहिजे. बाहेरचा सापडला तर अख्खा संघ बाद. मानखुर्दचा संघ त्या यादीत कधी घेतलाच नव्हता. आणि पोराने ज्यांच्यासाठी ते दोन गोल मारले, तो घाटकोपरचा संघ इतक्या वर्षांत पहिल्यांदा फायनलला पोचला होता; फायनल पुढच्या रविवारी.

आता ज्याच्या नावावर ते दोन गोल होते त्याला भेटणं भाग होतं. घाटकोपरला त्याच्या घरी गेलो. हिरो खाटेवर बसला होता, उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. बाजूला पेढ्यांचा बॉक्स.

"पाय कधी मोडला?"

"झाला की महिना, साहेब."

"आणि काल दोन गोल मारलेस?"

"हो साहेब."

"प्लास्टरसकट?"

त्याने पायाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हलकं प्लास्टर आहे साहेब," म्हणाला. मला हसू आवरेना, हवालदार तर तोंड फिरवून गॅलरीत गेला.

वस्तीत ज्याला विचारावं तो म्हणे, मी त्या दिवशी गावाला होतो. मोबाईलवर व्हिडिओ असतीलच की, म्हटलं तर सगळ्यांचे फोन नेमके त्याच सकाळी बिघडलेले. ज्या माणसाला हजारएक लोकांनी डोळ्यांनी पाहिलं, त्याला पाहणारा एक साक्षीदार मला मिळेना! असला संताप आला की विचारू नका. एका कपासाठी ही माणसं एका आईचं पोर चोर ठरू देत होती.

शेवटी संघाच्या अध्यक्षांना ठाण्यात आणलं. साठी उलटलेले मालवणी गृहस्थ, गिरणी कामगाराचा मुलगा. वडील हाच कप जिंकायचं स्वप्न घेऊन गेलेले. मी पोराला समोर उभा केला.

"काका, याला ओळखता?"

"नाय सायबानू," ते भिंतीकडे बघून म्हणाले. "ह्या झिलाक मी कधी बघूकच नाय."

कोपऱ्यात त्याची आई बसली होती. तिने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. मी पोराकडे वळलो. "आणि तू? यांना ओळखतोस?"

"नाही साहेब," पोरगा लगेच म्हणाला. "कोण आहेत हे?" आणि डोळ्यांनी त्यांना खूण केली, काळजी करू नका म्हणून.

म्हातारा त्या खुणेने जागच्या जागी खचला. मग काका एकदम खुर्चीवरून उठून ओरडले, "गप रव रे मेल्या! किती सांभाळून घेशील माका?" माझ्याकडे वळून म्हणाले, "लिवा सायबानू. माझ्या टीमचो नऊ नंबर तो. चार वाजता माझ्या डोळ्यासमोर होतो. कप गेलो खड्ड्यात. बापाशीक मी सांगतंय काय ता."

त्यांनी जबाबावर सही केली. पोरगा मात्र फायनल गेली म्हणून ढसाढसा रडत होता. स्वतः सुटला याचं त्याला काही पडलंच नव्हतं.

मग बाकावरच्या वॉचमनकडे वळलो. दोन मिनिटांत कबूल झाला. गेट वाऱ्यावर सोडून हे महाशय मॅचला गेले होते आणि ड्युटी वाचवायला मैदानात दिसलेला ओळखीचा चेहरा सांगून मोकळे. त्याची नोकरी गेली, मला अजिबात वाईट वाटलं नाही. गेट दुपारभर उघडं होतं म्हटल्यावर समोरच्या मेडिकलच्या कॅमेऱ्यात आम्ही पूर्ण दुपार तपासली. पार्सलची बॅग पाठीवर घेतलेला रेकॉर्डवरचा घरफोड्या सापडला, पाटल्या मिळाल्या.

तिकडे कपाची मात्र धमाल झाली. घाटकोपर बाद म्हणून हरलेला संघ नाचत पुढे आला, तर कुणीतरी वाकोल्याचा गोलकीपर दाखवला. ते बाद. त्यांनी तिसऱ्याकडे बोट दाखवलं. अशी झडती सुरू झाली की आठवड्यात एकही संघ उरेना. शेवटी कप मिळाला अंधेरीच्या एका चाळीला. पहिल्याच सामन्यात धुतले गेलेले, पोटं सुटलेले, पण सगळे एका जिन्यावरचे. त्यांचा कॅप्टन कप हातात घेऊन आमच्या हवालदाराला विचारत होता, "साहेब, यात काही लफडं तर नाही ना?"

पोराचं व्हेरिफिकेशन मीच पूर्ण केलं. 'आक्षेपार्ह काही नाही' हे शब्द मी आयुष्यात असंख्य वेळा लिहिले असतील, पण इतक्या समाधानाने फक्त तेव्हाच लिहिले.

या केसने मला शिकवलं ते असं. माणूस खोटं बोलला की आम्ही विचारायचो, हा काय लपवतोय? त्यानंतर मी विचारू लागलो, हा कुणाला सांभाळतोय? त्याने पुढच्या निम्म्या चौकश्या सोप्या झाल्या.

पुढच्या वर्षी अध्यक्षांनी सभेत ठराव मांडला की मानखुर्दच्या पोरांना कुठल्याही संघातून खेळू द्यावं, पण स्वतःच्या नावाने. विरोध करायला कुणाला तोंडच नव्हतं. मला सामन्याचं आमंत्रण आलं. पोराची आई माझ्या शेजारी, नवं लुगडं नेसून. माईकवर त्याचं पूर्ण नाव पुकारलं, वडिलांच्या नावासकट, तेव्हा तिने पदर डोळ्यांना लावला.

आणि या पठ्ठ्याने शेवटच्या मिनिटाला पेनल्टी बाहेर मारली. संघ हरला. अख्खं मैदान त्याचं नाव घेऊन शिव्या घालायला लागलं. बाईला वाईट वाटेल म्हणून मी काहीतरी समजावायला वळलो, तर ती हसत होती.

"ऐकलंत ना साहेब?" ती म्हणाली. "गेल्या वर्षी गोल मारले माझ्या लेकराने आणि पेढे खाल्ले दुसऱ्याने. आता शिव्या तरी त्याच्याच नावाच्या पडतायत."